पवनेच्या काठचे कारखाने: पाणी कुठून आलं आणि कायम नोकरी कुठे गेली

पवना ही तशी लहान नदी. लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम, पवन मावळातून उतार, मग रावेत, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी करत दापोडीजवळ मुळेत विलीन. सगळा प्रवास साधारण ६० किलोमीटरचा. एवढ्याशा नदीच्या शेवटच्या टप्प्यात देशातल्या सर्वांत दाट औद्योगिक पट्ट्यांपैकी एक वसला.

त्याचा इतिहास सांगताना लोक कंपन्यांची नावं घेतात. टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज, एचए (हिंदुस्थान अँटिबायोटिक्स), फोर्स, थरमॅक्स. नावं बरोबर आहेत, पण त्यातून दोन प्रश्न सुटत नाहीत. कारखाने इथेच का आले? आणि कारखाने आहेत, काम आहे, तरी वडिलांना मिळाली तशी कायम नोकरी मुलाला का मिळत नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर रेल्वे, जमीन आणि पाण्यात आहे. दुसऱ्याचं उत्तर हजेरीपटात आहे. आपले बहुतेक कामगार कायदे डोकी मोजून लागू होतात, आणि या खोऱ्यातलं काम गेल्या तीस-चाळीस वर्षांत असं वाटलं गेलं की एका छपराखाली, एका मालकाच्या नावावर, पुरेशी डोकी भरूच नयेत.

दारूगोळा, इंजिनं आणि पेनिसिलिन

१८५८ मध्ये रेल्वे पुण्याहून खंडाळ्यापर्यंत धावू लागली आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यावर मुंबई थेट जोडली गेली. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना निघाला. पुणे स्टेशनजवळ राजा बहादूर मोतीलाल मिल, मुंढव्याला डेक्कन पेपर मिल असे काही खासगी उद्योग होते, पण सोलापूर किंवा गिरणगावासारखी गिरणी-संस्कृती पुण्यात कधी रुजली नाही. पुण्याला मिळाला तो लष्करी कारखान्यात तयार झालेला टर्नर आणि फिटर. मायक्रोमीटर हातात धरता येणारा माणूस इथे आधीपासून होता. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने खडकीत कारखाना काढला, तेव्हा हीच जमेची बाजू होती.

पिंपरी त्या वेळी खेडं होतं. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ मध्ये तिथेच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, आणि १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागलं.

हे काम नीट समजून घ्यावं, कारण पाण्याची आणि पाळ्यांची गरज त्यातून कळते. पेनिसिलिन बुरशी बनवते. मोठ्या पोलादी टाकीत साखर आणि मक्याचा अर्क घातलेलं पाणी वाफेनं निर्जंतुक करायचं, थंड करायचं, त्यात बुरशी सोडायची आणि पुढचे कित्येक दिवस निर्जंतुक हवा देत, ढवळत, तापमान २५ अंशांच्या आसपास धरून ठेवायचं. वाढणारी बुरशी उष्णता सोडते. ती काढून न्यायला थंड पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं. वीज गेली आणि हवा थांबली की बुरशी गुदमरते. एखाद्या झडपेच्या फटीतून बाहेरचे जंतू शिरले तर त्यातले काही जंतू पेनिसिलिन तोडणारं विकरच तयार करतात, मग अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. असं काम संध्याकाळी साडेपाचला बंद करून घरी जाता येत नाही. त्याला तीन पाळ्या लागतात. जाता जाता: इथल्या प्रयोगशाळेत हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळतं त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना.

पुढची ढकल मुंबईतून आली. मुंबई भरली होती. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५९ च्या अहवालात मुंबईवरचा भार कमी करण्याचा विचार मांडला. राज्याने १९६१ मध्ये औद्योगिक विकास कायदा केला आणि १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली. एमआयडीसीची पद्धत आजही तीच आहे. सरकार शेतजमीन संपादित करतं, महामंडळ रस्ते, पाणी, दिवे देऊन तिचे भूखंड पाडतं आणि ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं उद्योजकाला देतं. भूखंड विकत मिळत नाही, पट्टा मिळतो. म्हणून कारखाना विकताना ‘जागेचा व्यवहार’ असं म्हटलं तरी प्रत्यक्षात पट्ट्याचं हस्तांतरण होतं आणि त्यासाठी महामंडळाची मंजुरी व शुल्क लागतं.

भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या जिरायत जमिनी गेल्या. बजाज ऑटो आकुर्डीत आली, टेल्को १९६६ मध्ये पिंपरीत आली. वस्ती वाढली तशी १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. १९७२ चा दुष्काळ याच दशकातला. सातारा, सांगली, सोलापूर आणि मराठवाड्यातून माणसं आली. त्यातल्या ज्यांच्याकडे आयटीआयचा कागद होता ते गेटच्या आत गेले, बाकीचे बांधकामावर.

नदीतून येणारं पाणी

पवना धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालं. वापरता येणारा साठा साधारण साडेआठ टीएमसी. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. साडेआठला गुणलं की २४,००० कोटी लिटर होतात, वर्षाच्या दिवसांनी भागलं की दिवसाला ६६ कोटी लिटर. यातून बाष्पीभवन जायचं, शेतीचं पाणी जायचं, मावळातल्या गावांचं, एमआयडीसीचं. आणि एकटी महापालिका रावेतहून दिवसाला साधारण ४८ ते ५० कोटी लिटर उचलते. एवढ्या भागाकारावरून कळतं की नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी का आलं.

हे पाणी धरणातून बंद नळाने येत नाही. ते नदीतच सोडतात. तीस-पस्तीस किलोमीटर वाहत आल्यावर रावेतच्या बंधाऱ्यात अडवतात, पंपाने उचलतात आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. एमआयडीसी आपलं पाणी वेगळं उचलते. या पद्धतीत तीन जागी बिघाड होतो. एक, वाटेत गळती आणि बाष्पीभवन, त्यामुळे सोडलं तेवढं पोहोचत नाही. दोन, काठच्या वस्त्यांचं सांडपाणी मिसळतं, जलपर्णी माजते, आणि शुद्धीकरणात तुरटी व क्लोरीन जास्त लागतं. तीन, रावेतच्या पंपांची वीज गेली की टाक्या भरत नाहीत, आणि विस्कटलेलं वेळापत्रक जागेवर यायला पुढचा दिवस जातो.

म्हणून धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं. मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, आणि तो समजण्यासारखा आहे. पाणी नदीतून वाहतं तोवर काठावर मोटार लावता येते, विहिरींना पाझर मिळतो. नळात गेलं की ते शहराचं झालं. त्यात धरणासाठी जमीन दिलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकं लोंबकळत होताच. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मेले. काम बारा वर्षं थांबलं. कारखानदारीच्या इतिहासात ही घटना सहसा लिहिली जात नाही. लिहायला हवी, कारण नळ कारखान्यात आणि शहरात उघडतो, पण पाणी त्या शेतकऱ्यांच्या बांधावरून येतं.

सांडपाण्याचं थोडक्यात. वाहनांच्या सुट्या भागांवर मुलामा चढवणाऱ्या छोट्या युनिटांतून क्रोमियमचं पिवळं पाणी निघतं. ते थेट चुना टाकून बसत नाही. आधी आम्ल घालून पीएच २ ते ३ पर्यंत खाली आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळा रंग जाऊन हिरवा दिसला की समजायचं क्रोमियमचं विषारी रूप बदललं, मग चुन्याने पीएच ८-९ वर नेऊन गाळ खाली बसवायचा. आम्लात कंजुषी केली तर पहिली पायरी अर्धवट राहते, आणि वर कितीही चुना टाकला तरी विषारी क्रोमियम पाण्याबरोबर निघून जातं. गाळ वेगळा, तो धोकादायक कचरा म्हणून द्यावा लागतो, त्याचे पैसे पडतात. रात्री नाल्यात सोडलं की काहीच पडत नाही.

एका गिअरचा प्रवास

१९७० च्या दशकात मोठी कंपनी म्हणजे छोटं गावच असे. ओतकाम, मशीन शॉप, हीट ट्रीटमेंट, टूल रूम, जुळणी, रंगकाम, कँटीन, सगळं एका कुंपणात. टेल्कोने तर पुण्यात सुरुवातीलाच यंत्रं आणि साचे बनवणारा विभाग आणि प्रशिक्षणाची सोय उभी केली. इथून शिकून बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढे भोसरीत स्वतःचे गाळे घेतले.

आज गाडीतला एक गिअर घ्या. पोलादाचा तुकडा तापवून साच्यात ठोकला जातो, ते फोर्जिंग एका ठिकाणी. त्याला सीएनसी लेथवर गोल करून ‘ब्लँक’ बनवतात, ते भोसरीच्या एका गाळ्यात. हॉबिंग मशीनवर दाते कापतात, ते दुसऱ्या. मग हीट ट्रीटमेंट. कार्बनयुक्त वायूच्या भट्टीत ९०० ते ९३० अंशांवर काही तास, तेलात झटकन थंड, पुन्हा दीडशे-एकशेऐंशी अंशांवर थोडा वेळ. यातून बाहेरचा पाऊण-एक मिलिमीटरचा थर रॉकवेल मापावर ५८ ते ६२ इतका कठीण होतो, आतलं पोलाद चिवट राहतं. शेवटी भोकाचं ग्राइंडिंग, मोजणी, तेल, पेटी, कंपनीचं गेट. टेम्पोत चढण्या-उतरण्याच्या प्रत्येक वेळी एक चलन.

बिघडतं कुठे? भट्टीच्या ट्रेमध्ये नग दाटीवाटीनं लावले तर तेल सगळीकडे सारखं पोहोचत नाही, गिअर वाकतो आणि गाडी आवाज करते. ग्राइंडिंगचा दगड वेळेवर धारेला लावला नाही, किंवा उत्पादन वाढवायला फीड जास्त दिली, तर पृष्ठभाग जळतो. हे जळणं साध्या डोळ्याला दिसत नाही. सौम्य आम्लात बुडवलं की काळे डाग उमटतात. तिथून पुढे तडा जातो.

आता हिशेब. ग्राइंडिंग करणाऱ्याला एका नगामागे काही रुपये मिळतात. नग त्याच्याकडे बिघडला तर कंपनी त्याच्या मजुरीवर थांबत नाही. पोलाद, फोर्जिंग, टर्निंग, हॉबिंग, भट्टी, या सगळ्यांचे पैसे धरून डेबिट नोट येते. म्हणजे साखळीत जो जितका शेवटी, त्याच्या हातून बिघडलेला नग तितका महाग. दहा चांगल्या नगांची कमाई एका वाईट नगात जाऊ शकते.

त्याच्या बिलाचे पैसेही उशिरा येतात. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज. हा दावा फार थोडे गाळेवाले करतात. कारण उघड आहे, पुढची ऑर्डर त्याच गेटमधून येणार असते.

वीज, गाळ्याचं भाडं, मशीनचा हप्ता, कटिंगचे इन्सर्ट यांचे दर त्याच्या हातात नाहीत. हातात राहतो तो एकच आकडा, मजुरी. तीन पाळ्या आठ तासांच्या चालवल्या तर एका मशीनला तीन ऑपरेटर लागतात, दोन पाळ्या बारा तासांच्या केल्या तर दोन. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि वरच्या तासांना दुप्पट दर दिला. बारा तास गुणिले सहा दिवस म्हणजे ७२ तास. ४८ साधे, २४ ओव्हरटाइम. दुप्पट दराने पगार ९६ तासांचा व्हायला हवा. अनेक गाळ्यांत तो ७२ तासांचाच होतो, आणि स्लिपवर ओव्हरटाइमचा रकानाच नसतो. मशीनमागची बचत ही अशी होते: थोडी माणसं कमी, थोडे तास फुकट.

पॉवर प्रेस आणि बोटं

या पट्ट्यातल्या ईएसआय, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यांत बोटांच्या जखमा नेहमीच्या. त्यातल्या बऱ्याच पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या प्रेसवरच्या असतात, आणि बहुतेक वेळा ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’ असं लिहून प्रकरण मिटतं. यंत्र बघितलं तर वेगळं दिसतं.

जुन्या प्रेसमध्ये चावीचा क्लच असतो. पायाने पॅडल दाबलं की चावी फिरत्या चाकात अडकते आणि रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येऊन वर जातो. एकदा फेरा सुरू झाला की तो मध्ये थांबवता येत नाही. चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली की पॅडल सोडल्यावरही चावी सुटत नाही, रॅम पुन्हा खाली येतो. कामगार याला ‘डबल’ म्हणतात. तेवढ्यात हात तयार नग काढायला आत गेलेला असतो. इथे लक्ष असून उपयोग नाही.

हवेवर चालणाऱ्या क्लचचा प्रेस अर्ध्यात थांबतो. त्यालाच प्रकाशाचा पडदा, म्हणजे हात आड आला की यंत्र थांबवणारा सेन्सर, लावून उपयोग असतो. चावीच्या प्रेसला हा पडदा लावला तर तो फक्त तपासणीच्या दिवशी शोभेला. त्याला खरं संरक्षण म्हणजे डायभोवती (साच्याभोवती) पक्की जाळी, नग काढायला चिमटा किंवा चुंबक, आणि चावी व स्प्रिंग ठरल्या फेऱ्यांनंतर बदलणं. दोन हातांनी दाबायची बटणं असतात, पण त्यातलं एक पट्टीने किंवा नाण्याने दाबून ठेवलेलं अनेकदा सापडतं. कारण नगांचं टार्गेट. चिमट्याने काम केलं की मिनिटाला दोन-चार नग कमी पडतात.

डोकी मोजणारा कायदा

आता मूळ मुद्दा. दीर्घकाळ लागू असलेल्या कायद्यांचे आकडे एका रांगेत लावून पाहा. ईएसआय आणि ग्रॅच्युइटी १० माणसांपासून. भविष्य निर्वाह निधी आणि बोनस २० पासून. कारखाना कायदा विजेवरच्या जागेला १० पासून होता, महाराष्ट्राने तो २० वर नेला. कंत्राटी कामगार कायदा २० पासून, महाराष्ट्रात नंतर ५०. स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे लेखी नियम, महाराष्ट्रात ५० पासून. कँटीन २५० हून अधिक माणसांना. कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी १९७६ मध्ये ३०० पासून होती, नंतर १०० पासून झाली.

पाचशे माणसांचा एक कारखाना वरच्या सगळ्या पायऱ्या चढलेला असतो. त्याच पाचशे माणसांचं काम तीस गाळ्यांत वाटलं तर प्रत्येक गाळ्यात सोळा-सतरा माणसं. काम तेच, गिअर तोच, पण बहुतेक पायऱ्या गायब. शेजारशेजारचे चार गाळे, चार पाट्या आणि मालक एकाच घरातले, हेही दिसतं. पीएफच्या कायद्यात एकाच आस्थापनेच्या शाखा एकत्र मोजायची तरतूद आहे. पण ती लावण्यासाठी कोणीतरी तक्रार करून कागद दाखवावे लागतात.

‘युनियनने पगार वाढवून मागितले म्हणून काम बाहेर गेलं’ असं पुण्यात सर्रास ऐकू येतं. यात अर्धं तथ्य आहे. महाराष्ट्रात कामगार संघटना मान्यता कायदा १९७५ पासून लागू झाला आणि ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळू लागली. तीन-चार वर्षांचे करार चांगल्या रकमेचे होऊ लागले. मान्यता कोणाची, यावरून तंटेही झाले. टेल्कोतला १९८८-८९ चा संघर्ष सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यासमोरच्या उपोषणापर्यंत आणि पोलिसांनी ते मोडण्यापर्यंत गेला. त्यानंतर मालकवर्गाने धडा घेतला हे खरं. पण १९९१ नंतर उद्योगाला लागणारा सरकारी परवाना गेला, मॉडेल भराभर बदलू लागली, आणि तोवर सुटे भाग करणाऱ्यांचं दाट जाळं भोसरीत तयारच होतं. नवा कारखाना चाकणला काढला की ज्येष्ठतेची यादीही नवी सुरू होते. बजाजच्या आकुर्डीतलं दुचाकींचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, चाकणचं चालू राहिलं. युनियन नसती तर हे झालं नसतं असं म्हणायला आधार दिसत नाही.

सात महिने

मोठ्या कारखान्यात डोकी लपत नाहीत. तिथे वेगळी युक्ती. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत असं कलम आहे की तात्पुरत्या किंवा बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्या) कामगाराने मागच्या बारा महिन्यांत एकूण २४० दिवस भरले तर त्याला कायम करायचं. हे दिवस मोजताना पगारी सुट्या आणि आठवड्याची सुटीही धरतात, असं न्यायालयांनी सांगितलं आहे. सात महिने म्हणजे साधारण २१२ दिवस. आठ महिन्यांना २४३. म्हणून पिंपरीत ‘सात महिन्यांवर लागलोय’ हे वाक्य तयार झालं. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या कंपनीत सात महिने.

पुढचा प्रकार ठेकेदारामार्फत, आणि त्यानंतर ‘ट्रेनी’. २०१३ च्या नीम या प्रशिक्षण योजनेत प्रशिक्षणार्थी हा कर्मचारी धरला जात नव्हता, त्यामुळे पीएफ नाही, ईएसआय नाही. काम मात्र लाइनवर, शेजारच्या कायम कामगाराच्या बरोबरीनं. ती योजना नंतर गुंडाळली, ट्रेनी नावाची जात राहिली.

कामगाराच्या बाजूने काय आहे? १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात, कायम होण्यापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवणं ही अनुचित प्रथा म्हटली आहे. तक्रार ९० दिवसांत करायची, आणि अडचण तिथेच सुरू होते. माणूस ब्रेकनंतर पुन्हा बोलावतील म्हणून वाट पाहतो, तेवढ्यात मुदत संपते. ठेकेदाराच्या कामगाराची वाट आणखी अवघड. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिप्लाच्या खटल्यात म्हटलं की मालक कोण यावरच वाद असेल तर आधी तो वाद दुसऱ्या मंचावर सोडवून या, मग हा कायदा वापरा. त्याच वर्षी सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात ठरलं की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. एक गोष्ट मात्र ठेकेदारीतही सुटत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता आल्या. डोकी मोजायची पद्धत तीच आहे, आकडे वर सरकले. कपातीची परवानगी आणि स्थायी आदेश दोन्ही आता ३०० पासून. ठरावीक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटी मात्र एका वर्षानंतर मिळू शकते, एरवी पाच वर्षं लागतात. तिचं सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २६,००० पगार असेल तर वर्षाला १५,०००.

तुकडे जोडायचे कसे

सात-सात महिन्यांच्या नोकऱ्या करणाऱ्याची ग्रॅच्युइटी बुडते, कारण प्रत्येक वेळी मालक बदलतो. पीएफचं तसं नाही. तिथे सेवा जोडता येते, आणि निवृत्तिवेतनाला लागणारी १० वर्षं अशा तुकड्यांतूनही भरतात. पण जोडणी आपोआप होईलच असं धरू नये. प्रत्येक ठेकेदाराकडे नवा सदस्य क्रमांक पडतो. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, एकच असला पाहिजे. नवीन ठिकाणी ‘आधी पीएफ नव्हता’ असा फॉर्म भरून घेतला तर दुसरा यूएएन तयार होतो, आणि मग दोन्ही ठिकाणचे पैसे अडकतात. नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं स्पेलिंग पहिल्याच दिवशी जुळवून घ्यावं. ‘पाटील’चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारे पडलं, एवढ्यानेही दावा परत येतो.

पासबुक दर महिन्याला पाहावं. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो आणि पासबुकात जमा नाही, असा महिना सापडला तर स्लिप, बँकेचा उतारा आणि गेटपासचा फोटो एकत्र ठेवावा. गेटपासवर मूळ कंपनीचं नाव असतं, स्लिपवर ठेकेदाराचं. दोन्ही एकाच महिन्याचे असले की कोणाच्या कुंपणात काम केलं हे सिद्ध होतं. फोटो नोकरीत असतानाच काढायचा, कारण सातव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी गेटपास सुरक्षारक्षक काढून घेतो. नोकरी सुटल्याची तारीख ठेकेदाराने भरली नाही तर पैसे वर्ग होत नाहीत. शेवटच्या जमेनंतर दोन महिने थांबून ती तारीख कामगाराला पोर्टलवर स्वतः भरता येते, आणि त्यानंतर जुना क्रमांक नव्यात वर्ग करायचा अर्ज टाकता येतो.